एकच इंजिन, दोन टर्बो

जानेवारी २०१२ मध्ये मारुती सुझुकी आणि फियाट यांच्यातला एक करार जाहीर झाला. फियाटने मारुतीला वर्षाला एक लाखापर्यंत १.३ लिटरची डिझेल इंजिनं तीन वर्षं पुरवायची, आणि ती यायची शिरूर तालुक्यातल्या रांजणगावहून. सौदा चमत्कारिक होता. ज्या कारखान्यात टाटा मोटर्सची निम्मी भागीदारी, तिथलंच इंजिन टाटांच्या व्हिस्टाशी गिऱ्हाइकासाठी भांडणाऱ्या स्विफ्टच्या बॉनेटखाली बसणार होतं. कारण मात्र सरळ होतं. जून २०१० मध्ये पेट्रोलच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण उठलं, डिझेलवरचं राहिलं. दोन्ही इंधनांच्या भावातलं अंतर वाढत गेलं, डिझेल गाड्यांसाठी महिनोन्महिने नंबर लागू लागले आणि मानेसरला सुझुकीच्या कारखान्यात निघणारी इंजिनं पुरेनात.

शेअर बाजाराच्या दृष्टीने तो करार जुना झाला. पुणे-नगर रस्त्यावर किंवा दौंडकडे जाताना एखाद्या गॅरेजात ‘गाडी पिकअपच घेत नाही’ म्हणून उभ्या असलेल्या मोटारीच्या दृष्टीने तो अजून कामाचा आहे. टर्बोचा दाब कमी का पडतो किंवा वाजवीपेक्षा जास्त का चढतो, हे शोधायचं तर त्या टर्बोवर लगाम कोणत्या जातीचा आहे हे आधी ठाऊक हवं. रांजणगावच्या इंजिनाबाबत ते गाडीच्या नावावरून कळत नाही. कंपन्यांची जाहीर निवेदनं, टाटा मोटर्सचे वार्षिक अहवाल, विक्रीपत्रकं, मालकाला मिळणारी पुस्तिका, केंद्र सरकारची प्रदूषणाची नियमावली आणि दोषसंकेतांचं आंतरराष्ट्रीय मानक, एवढे कागद शेजारी-शेजारी मांडले की ते कळतं.

फियाटचं मुंबईतलं बस्तान कुर्ल्याला होतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिथे ११०० आणि पुढे पद्मिनी काढल्या, पालिओही तिथूनच सुरू झाली. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतली जागा मिळाली तरी गाडीचा धंदा काही जमेना, आणि २००६-०७ मध्ये टाटांशी भागीदारी ठरली. निम्मे-निम्मे भांडवल, गाड्या दोघांच्या, इंजिनं आणि गिअरबॉक्सही तिथेच. इंजिन मात्र नवं नव्हतं. ते २००३ मध्ये युरोपात पुंतोमध्ये आलं होतं, फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या सहकार्यातून, पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा इथल्या कारखान्यात. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून १२४८ घनसेंटिमीटर. २००५ मध्ये त्याला १ ते १.४ लिटर गटातला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. भारतात फियाटने त्याला मल्टिजेट म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, मारुतीने डीडीआयएस. लोक नुसतंच ‘फियाटचं इंजिन’ म्हणायचे, आणि त्यात चूक काही नव्हती.

आता विक्रीपत्रकं पाहू. ऑगस्ट २००८ ची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट: ७५ पीएस. जानेवारी २००९ ची लिनिया: ९३ पीएस, २०९ न्यूटन-मीटर. जून २००९ ची ग्रांदे पुंतो: ७६ पीएस. ऑक्टोबर २००९ ची इंडिगो मांझा: ९० पीएस. स्विफ्टला ७५ आणि २०११ च्या एसएक्स४ डिझेलला ९०. आकडे एक-दोनाने इकडेतिकडे होतात, ते जाहिरात खात्याचं काम. पण त्यांचे दोनच गट पडतात, पंचाहत्तरीचा आणि नव्वदीचा. घनफळ तेच, व्यास तोच, धाव तीच. मग पंधरा अश्वशक्ती आली कुठून? पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एका ठिकाणी ‘फिक्स्ड जॉमेट्री’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘व्हेरिएबल जॉमेट्री’ असे शब्द सापडतात. शोरूममध्ये ती ओळ कोणी वाचत नसे. गॅरेजमध्ये तीच ओळ पहिली वाचायला हवी.

पंचाहत्तरीच्या टर्बोत एक झडप असते, वेस्टगेट. टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब एका बारीक रबरी नळीतून डबीत जातो, डबीतला पडदा स्प्रिंगला दाबतो, दांडा सरकतो आणि झडप उघडून जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. दाब स्वतःच स्वतःला आवरतो. कॉम्प्युटर बघत असतो, पण हात घालत नाही.

नव्वदीच्या टर्बोत अशी झडप नाही. टर्बाइनच्या चाकाभोवती बारीक पात्यांचं कडं असतं. इंजिन हळू फिरत असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, धूर जोरात चाकावर आदळतो आणि कमी आरपीएमलाही दाब मिळतो. वेग वाढला की पाती उघडतात. ही पाती हलवणारी डबी दाबावर नव्हे, व्हॅक्यूमवर चालते. व्हॅक्यूम ब्रेकच्या बूस्टरला पुरवणाऱ्या पंपातूनच येतो, आणि किती सोडायचा हे कॉम्प्युटर एका सोलेनॉइड वॉल्व्हला सांगतो. व्हॅक्यूम असला तर पाती मिटतात, नसला तर स्प्रिंग त्यांना उघडी टाकते.

इथे सगळा घोळ आहे. दोन्ही टर्बोंवर बोटभर जाडीचीही नसलेली एक रबरी नळी आहे. उष्णतेने ती कडक होते आणि फाटते. पंचाहत्तरीत फाटली तर डबीला दाब पोचत नाही, झडप मिटलेलीच राहते आणि दाब प्रमाणाबाहेर चढतो. नव्वदीत फाटली तर व्हॅक्यूम पोचत नाही, पाती उघडीच राहतात आणि दाब चढतच नाही. एकाच कारखान्यातली, एकाच ठोकळ्याची दोन इंजिनं. एकच फाटकी नळी. आणि दोष बरोबर उलटे. स्कॅनर पहिल्या गाडीत पी०२३४ दाखवेल, म्हणजे दाब जास्त. दुसऱ्या गाडीत पी०२९९, म्हणजे दाब कमी. ‘मागच्या खेपेला स्विफ्टला असंच झालं होतं’ ही आठवण मांझाच्या बाबतीत उपयोगाची नाही, किंबहुना घातक आहे. युरोपातल्या पुंतोत हा भेद इंजिनाच्या संकेतातच नोंदलेला असे, पंचाहत्तरीला १९९ए२ आणि नव्वदीला १९९ए३. आपल्याकडे एकाच ठोकळ्याला तीन कंपन्यांनी आपापली नावं दिली, त्यामुळे डोकं खाली घालून टर्बोची डबीच बघावी. नळी टर्बोच्या हवेच्या बाजूलाच जोडलेली असेल तर वेस्टगेट. सोलेनॉइडकडे आणि तिथून व्हॅक्यूम पंपाकडे गेली असेल तर पाती.

टर्बो या भागाला नवा होता असंही नाही. दौंडला तो रुळांवरून मोटारीच्या बराच आधी आला. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १९६२ मध्ये भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आणि वर टर्बो. पुणे-दौंड मार्गावर विजेच्या तारा यायला २०१७ उजाडलं, तोवर पुण्याहून दौंडमार्गे पुढे जाणाऱ्या गाड्या डिझेलवरच ओढल्या जायच्या. त्या इंजिनात ड्रायव्हरच्या समोर बूस्टर एअर प्रेशरचं गेज असे. रेल्वेत त्याला बीएपी म्हणतात. थ्रॉटलच्या आठव्या नॉचला बीएपी किती येतो ते ड्रायव्हर पाहायचा आणि कमी दिसला तर नोंदवायचा. रेल्वेच्या दोषनिवारण पुस्तिकांत त्याची कारणं ओळीने दिलेली असत: हवेचा फिल्टर चोंदला, आफ्टरकूलर किंवा मॅनिफोल्ड गळतो, टर्बोच बिघडला. इंजिन बंद केल्यावर टर्बो किती वेळ फिरत राहतो हे कान लावून मोजण्याची चाचणीही होती. लवकर थांबला तर बेअरिंग गेलं असं समजायचं. एवढ्या अवाढव्य यंत्रात दाबाचा काटा माणसासमोर होता. लाखोंनी खपलेल्या मोटारीत तो काटा कॉम्प्युटरसमोर गेला, आणि मालकाच्या वाट्याला उरला एक पिवळा दिवा.

तो दिवा तरी कोणाला कधीपासून मिळाला, याचं उत्तर नियमावलीत आहे आणि ते दौंडकरांसाठी मजेदार आहे. १ एप्रिल २०१० पासून भारत स्टेज ४ ची मानकं दिल्ली परिसर आणि तेरा शहरांत लागू झाली. त्या यादीत पुणे आहे आणि सोलापूरही आहे. शिरूर, दौंड ही गावं नाहीत. म्हणजे पुणे-सोलापूर महामार्गाच्या दोन टोकांना एक कायदा आणि मधल्या पट्ट्याला दुसरा, भारत स्टेज ३ चा. देशभर स्टेज ४ यायला १ एप्रिल २०१७ पर्यंत थांबावं लागलं. रांजणगावचा कारखाना स्वतः शिरूर तालुक्यात, पण तिथे बनलेली तीच गाडी पुणे शहरात नोंदवायची तर एका निकषाने आणि गावी नोंदवायची तर दुसऱ्या निकषाने, अशी ती व्यवस्था होती. जुनी गाडी विकत घेताना कोणत्या सालची हे सगळे विचारतात. कोणत्या स्टेजची हे विचारलं तर पुढे स्कॅनर काय सांगू शकेल याचा अंदाज आधीच येतो.

स्टेज ४ बरोबर गाडीवर स्वयंनिदानाची सक्ती आली, तीही दोन हप्त्यांत. २०१० पासूनच्या पहिल्या टप्प्यात मुख्य अपेक्षा अशी की एखाद्या सेन्सरची किंवा वॉल्व्हची तार तुटली, जोड सुटला, तर कॉम्प्युटरला कळावं आणि त्याने दिवा लावावा. १ एप्रिल २०१३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रदूषणाची मर्यादा ओलांडली जाईल असा बिघाडही पकडायचा होता. दोन्ही टप्प्यांच्या चाचण्यांचा तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ आणि ११६ खालच्या कार्यपद्धतीत आहे, आणि असल्या चाचण्या करणारी एक मुख्य संस्था, एआरएआय, पुण्यातच कोथरूडला आहे. पहिल्या टप्प्याची मर्यादा ध्यानात घेण्यासारखी आहे. कायद्याने आधी तारेविषयी विचारलं, रबराविषयी नाही. सोलेनॉइडची तार तुटली तर पी००४५ यावा, हे सरळ आहे. पण सोलेनॉइडपासून डबीपर्यंतची नळी फाटली तर तारेला काही होत नाही. तिथे दोष पकडला गेला तर तो कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दाबाची तुलना घातली म्हणून.

ती तुलना म्हणजे दोन आकडे: कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि सेन्सरने मोजलेला दाब. दोन्हींत ठरावीक वेळ ठरावीक अंतर राहिलं की संकेत नोंदवला जातो, इंधन कमी केलं जातं आणि गाडी रडतखडत चालू लागते. पी०२९९ या संकेताचा मानकातला अर्थ एवढाच आहे की दाब अपेक्षेपेक्षा कमी. टर्बो खराब आहे असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. तरीही तेवढ्या एका ओळीवर हजारो रुपयांचे टर्बो बदलले जातात, आणि ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत खेदाची गोष्ट वाटते. बखरीतली एक तारीख पाहून कोणी इतिहास लिहीत नाही. दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला पुरावा शोधतो. इथेही आधी सेन्सर खरं बोलतो का हे पाहायचं असतं.

त्याची तपासणी फुकट आहे. किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका आणि स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब वाचा. इंजिन थांबलेलं असताना आत आणि बाहेर दाब एकच, म्हणजे गावाचा वातावरणीय दाब. पुस्तकात समुद्रसपाटीचा १०१३ मिलिबार असतो. शिरूर सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे तो ९४५ ते ९५० च्या आसपास दिसायला हवा. दौंड थोडं खाली, पाचशे मीटरच्या जरा वर, तिथे ९५० ते ९५५. इथे १०१३ दाखवणारा सेन्सर निरोगी नव्हे, साठेक मिलिबार खोटं बोलणारा आहे. वातावरणाचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर कंट्रोल युनिटमध्ये असेल तर दोन्हींची सांगड तिथल्या तिथे घालता येते. उंचीचा आणखी एक परिणाम विसरला जातो. कॉम्प्युटरला २००० मिलिबार निरपेक्ष दाब हवा असेल तर मुंबईत टर्बोने हवा दुपटीला जरा कमी दाबायची, शिरूरला २.१ पट. मुंबईत जेमतेम भागवून नेणारी थकलेली यंत्रणा इथे आल्यावर तोंडघशी पडते, आणि मालक म्हणतो की काल घाट चढेपर्यंत गाडी चांगली होती.

सेन्सर खरा निघाला तर गळती शोधायची. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या पाइपांच्या जोडांवर तेलाचा ओशट थर आणि त्यावर बसलेली धूळ दिसते. थोडा ओशटपणा सगळ्याच डिझेल गाड्यांत असतो, पण एकाच जोडाखाली ओघळ असेल तर तिथेच पाहावं. ऊसतोडणीच्या दिवसांत या भागात फिल्टरची जी दशा होते ती वेगळी सांगायला नको. चोंदलेला फिल्टर म्हणजे टर्बोला तोंडच बंद. उघडा अडकलेला ईजीआर वॉल्व्हही दाब खातो, कारण टर्बाइनकडे जायचा धूर मधूनच आत वळतो. या तीन गोष्टी दोन्ही टर्बोंना सारख्याच लागू आहेत. नंतरचे रस्ते मात्र वेगळे.

नव्वदीत पहिला प्रश्न ब्रेकचा. पेडल कडक लागतंय का? व्हॅक्यूम पंप एकच असल्याने ब्रेक जड आणि पिकअप मंद अशी जोडी दिसली तर दोष पंपाकडे किंवा मुख्य नळीकडे ढकलता येतो आणि टर्बोला हात लावायची गरज पडत नाही. ब्रेक ठीक असेल तर हातपंपाने डबीला थेट व्हॅक्यूम द्यावा. दांडा अडखळल्याशिवाय सरकला आणि तिथेच टिकला तर डबीही बरी आणि पातीही मोकळी. संशय मागे सोलेनॉइडवर. दांडा सरकून हळूहळू परत आला तर डबीतला पडदा फाटला. सरकताना मधेच अटकला तर पात्यांवर काजळी. सदा हळू, जवळच्या जवळ चाललेल्या गाडीत हे होतं. त्याचं लक्षणही खास आहे: ओव्हरटेक करताना पाती मिटलेल्या स्थितीत अडकतात, दाब चढतो, गाडी एकदम दम सोडते, कडेला घेऊन किल्ली बंद-चालू केली की पुन्हा धावते. या गाडीचा संकेत दाब जास्त असल्याचा येतो, तक्रार मात्र ताकद नसल्याची. दोन्ही खरे.

नव्वदीच्या स्कॅनरवर सोलेनॉइडला दिलेल्या आदेशाची टक्केवारीही वाचता येते. कॉम्प्युटर पूर्ण जोर लावतोय आणि दाब तरी कमी, तर गळती किंवा व्हॅक्यूमचा अभाव. आदेशच तोकडा असेल तर कॉम्प्युटरला मुळात तेवढा दाब नकोय, मग एअरफ्लो सेन्सर किंवा इंधनाकडे वळावं. पंचाहत्तरीत ही टक्केवारी शोधणं व्यर्थ आहे. तिथे आदेशच नाही, फक्त स्प्रिंग आहे. तिथे डबीला गेज लावून ठरावीक हवा द्यावी आणि झडप कधी हलते ते बघावं. दांड्यावरचा नट कोणीतरी ‘पिकअप वाढवायला’ फिरवून ठेवला आहे का, हेही. तसा तो फिरवलेला असेल तर दाब जास्त असल्याचा संकेत नळी धडधाकट असतानाही येतो.

रांजणगावच्या गाड्यांत तिसरी जातही होती, पेट्रोलची. २०१० ची लिनिया टी-जेट, २०१५ ची १४५ अश्वशक्तीची पुंतो अबार्थ, आणि २०१७ च्या जीप कंपासचं १.४ मल्टिएअर. यांत वेस्टगेटच, पण डबीकडे जाणारा दाब सोलेनॉइड अडवतो किंवा सोडतो. सोलेनॉइड मेला तर दाब शून्यावर जात नाही आणि बेसुमारही होत नाही. स्प्रिंगने ठरवलेल्या मूळ पातळीवर थांबतो. मालकाला गाडी नुसती ‘सुस्त’ वाटते. स्वीडनच्या साबने १९८२ च्या सुमाराला एपीसी नावाची यंत्रणा आणली, तिचा हा वंश आहे: इंजिन ठोकू लागलं की सेन्सर ऐकतो आणि दाब कमी होतो. त्यामुळे या गाड्यांत हलकं इंधन किंवा जुने स्पार्क प्लगही दाब कमी करू शकतात, आणि टर्बो खोलून काहीच सापडत नाही.

२०२० च्या सुरुवातीला, भारत स्टेज ६ लागू होण्याच्या तोंडावर, रांजणगावचं १.३ थांबलं. कारखाना थांबला नाही. तिथलंच २ लिटरचं डिझेल कंपासमध्ये, टाटा हॅरिअरमध्ये आणि एमजी हेक्टरमध्ये गेलं. पुन्हा एक इंजिन आणि तीन प्रतिस्पर्धी. १.३ च्या गाड्या मात्र शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर अजून भरपूर दिसतात, आणि त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. अशा गाडीवर मधल्या काळात कोणी दुसऱ्या जातीचा टर्बो चढवलेला असू शकतो, म्हणून विक्रीपत्रकावर शेवटचा भरवसा ठेवता येत नाही. स्कॅनर लावण्याआधी बॉनेट उघडून डबीची नळी कुठे जाते ते बघायचं, मग किल्लीवर वातावरणाचा दाब वाचायचा, मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन मागितलेला आणि मोजलेला दाब सोबतीच्या माणसाकडून नोंदवून घ्यायचा. पाना त्यानंतर.